ऑनलाइन थेरपी : सुरू करण्याआधी

एडीएचडी किंवा ऑटिझम असलेल्या प्रौढांना प्रवास आणि दवाखान्यातला गोंगाट टाळून घरूनच बोलता येणं, ही फार मोठी सोय आहे. कॅमेरा बंद ठेवायचा असेल, हाताला सतत चाळा लागत असेल, अवघड उत्तर टाइप करून द्यायचं असेल, तर पहिल्याच भेटीत सांगून टाका. यावर नाक मुरडणारा थेरपिस्ट सरळ बदलावा.

सुरुवातीची सत्रं बहुधा पूर्वेतिहासात जातात. एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं शोधून ठेवा. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ हा बाईंचा जुना शेराही कामी येतो. पुढे वीजबिल वेळेवर भरण्यापासून ऑफिसातल्या थकव्यापर्यंत रोजच्या अडचणींवर काम होतं. ऑटिझम ‘बरा करून देतो’ म्हणणाऱ्यापासून मात्र लांबच राहा.

औषधांचं गणित वेगळं आहे. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मेथिलफेनिडेट कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या ‘शेड्यूल एक्स’ यादीत मोडतं. भारताच्या २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते ऑनलाइन लिहून देता येत नाही; त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटावं लागतं. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा, त्यात संकोच नको.

दोन सत्रांच्या मधेच फार असह्य झालं, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.