रस्ता आणि ट्रॅक : एकाच गाडीचे दोन स्वभाव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील नई सडक हा गजबजलेला बाजाररस्ता. तेथील एखाद्या हौशी मालकाने आपली स्पोर्ट्स कार आग्रामार्गे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर नेली, तर तिला दोन परस्परविरोधी परीक्षा द्याव्या लागतात. ५.१२५ किलोमीटर लांबीचे, १६ वळणांचे ते सर्किट गुळगुळीत आहे. शहरातील रस्त्याच्या मात्र खड्डे आणि गतिरोधक पाचवीलाच पुजलेले.

सस्पेन्शन जितके कडक तितकी गाडी वेगवान, हा समज अर्धाच खरा आहे. टायर जमिनीला टेकलेला ठेवणे, हे सस्पेन्शनचे मूळ काम. सपाट ट्रॅकवर शॉक अॅब्सॉर्बर कडक केल्यास वळणावर गाडी झटकन कलत नाही आणि स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते. खडबडीत रस्त्यावर तीच मांडणी अंगावर येते. दबतानाचा आणि परत उघडतानाचा विरोध वेगवेगळा जुळवता येत असेल, तर दुसरा अधिक जपून वाढवावा. तो प्रमाणाबाहेर गेला की खड्ड्यावर स्प्रिंग वेळेत उघडत नाही, चाक क्षणभर अधांतरी राहते आणि त्या क्षणी ब्रेक दाबूनही त्या चाकाचा उपयोग नसतो. आपल्या चोर्ला घाटात, तेही पावसाळ्यात, एवढा क्षण पुरेसा आहे.

उंचीचे गणित सोपे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. (मानक पाळणारा गतिरोधक भेटला, तर वाहनचालकाने स्वतःला भाग्यवान समजावे.) गुरुत्वमध्य खाली आणण्यासाठी गाडी बसकी करणाऱ्याने हा आकडा आधी आठवावा. चाकांचा वरचा भाग आत झुकवला, म्हणजे कॅम्बर उणे केला, की वळणावर टायर अधिक टेकतो; सरळ रस्त्यावर मात्र त्याची आतली कड झिजते.

म्हणून निघण्यापूर्वीच मूळ मांडणी वहीत टिपावी : प्रत्येक शॉक अॅब्सॉर्बरचा स्क्रू पूर्ण कडक स्थितीपासून किती ‘क्लिक’ मागे आहे, तो आकडा. ट्रॅकवर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. परतीच्या घाईत स्क्रू बहुधा आठवतात, हवा विसरली जाते. ट्रॅकवर टायर तापून दाब वाढतो, म्हणून थोडी हवा काढलेली असते. टायर गार झाले की दाब उत्पादकाने सांगितलेल्या पातळीखाली जातो. द्रुतगती मार्गाला लागण्यापूर्वी टायर गार होऊ द्यावेत आणि मगच हवा भरावी, तास-दोन तास मोडले तरी.