लपणे, पकडणे आणि नियमांचा अर्थ

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामायेचे मंदिर आहे, जैतूसाव मठ आहे आणि जुन्या गावाला साजेशा अरुंद गल्ल्या आहेत. अशा वस्तीत लपंडावासाठी निराळे मैदान लागत नाही. छत्तीसगडी मुले या खेळाला ‘रेस-टीप’ म्हणतात. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि त्यामागोमाग मराठी कुटुंबेही या भागात येऊन राहिली. त्यांच्या घरांतून या खेळाला लपंडाव असेच नाव आहे. नाव कोणतेही असो, खेळातले भांडण सगळीकडे एकच असते. ज्याच्यावर राज्य आहे तो म्हणतो, ‘तू मला दिसलास.’ लपलेला म्हणतो, ‘मी दिसलोच नाही.’ दोघेही प्रामाणिक असू शकतात. खांबाआडून नुसते कोपर दिसले, तर माणूस दिसला असे म्हणावयाचे काय?

असेच दुसरे भांडण पकडीचे असते. एकाने दुसऱ्याचा हात धरला. धरणारा म्हणतो, ‘संपले, तू अडकलास.’ धरलेला म्हणतो, ‘हात धरलास, मला कुठे धरलेस?’ लपणे आणि पकडणे या माणसाच्या फार जुन्या क्रिया आहेत. परंतु त्यांचे नियम करणे आणि त्या नियमांचा अर्थ लावणे मोठे कठीण काम आहे. धावण्याच्या शर्यतीत दोरी कोणी आधी तोडली हे सर्वांना दिसते. लपण्यात ‘दिसणे’ ही गोष्ट पाहणाऱ्याच्या डोळ्यात घडते, आणि पकडीत ‘अडकणे’ ही गोष्ट दोघांच्या बळात घडते. तिसऱ्याने न्याय कशाच्या आधारे करावा?

मुलांनी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आपले आपण शोधून ठेवले आहे. लपंडावात नुसते ‘दिसला’ म्हणून भागत नाही; ज्याला पाहिले त्याचे नाव मोठ्याने घ्यावे लागते. नाव चुकले तर राज्य पुन्हा त्याच्याच गळ्यात पडते. म्हणूनच चतुर मुले आपसांत सदरे बदलून फक्त बाही दिसेल अशा बेताने उभी राहतात. या एका नियमाने कोपराचा वाद मिटतो. ओळख पटण्याइतके दिसले असेल तरच ते दिसणे होय, असे तो नियम सांगतो. लपलेल्याने मागून येऊन पाठीवर ‘धप्पा’ दिला, तर तेही सर्वांच्या कानांवर जाते. मनात घडणाऱ्या गोष्टीला कानांनी ऐकू येईल अशी खूण देणे, ही या नियमांमागील युक्ती आहे.

हीच युक्ती कबड्डीत अधिक स्पष्टपणे आढळते. या खेळाला महाराष्ट्रात हुतुतू म्हणत, आणि त्याच्या नियमांना निश्चित रूप देण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रातच मोठ्या प्रमाणावर झाला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९९० पासून बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले. छत्तीसगड शासनाने २०२२ साली ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ या नावाने गावोगावच्या खेळांच्या स्पर्धा घेतल्या. त्यांत गेडी, भौंरा आणि फुगडी यांच्या जोडीला कबड्डीही होती.

कबड्डीत चढाई करणाऱ्याने एका दमात परत यावे, हा मूळ विचार. पण दम कोणाला दिसतो? छातीत श्वास उरला आहे की नाही, हे पंचाला कळावे कसे? म्हणून चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी, कबड्डी’ असा स्पष्ट आणि अखंड उच्चार करावा, असे ठरले. उच्चार थांबला की दम गेला. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे. घड्याळामुळे एक खूण वाढली. तरी उच्चाराचा नियम पुस्तकात कायम राहिला.

पकडीचे नियम याहूनही विचार करण्याजोगे आहेत. बचाव करणाऱ्यांनी चढाईपटूला घट्ट धरले, एवढ्याने तो बाद होत नाही. धरलेल्या स्थितीत त्याचा दम गेला, तर तो बाद. आणि ओढाताणीत त्याचे बोट जरी दम असताना मध्यरेषेला लागले, तरी त्याला धरून ठेवलेले सगळे बाद. म्हणजे कबड्डीत पकड हा निकाल नव्हे. तो निकाल लागेपर्यंतचा काळ आहे. मैदानाच्या दोन्ही बाजूंस जे राखीव क्षेत्र असते, ते एरवी खेळाबाहेर असते; परंतु झटापट सुरू होताच तेही मैदानात मोडते. झटापट केव्हा सुरू झाली? चढाईपटूचा आणि बचावपटूचा स्पर्श झाला, तेव्हा. पुन्हा डोळ्यांना दिसेल अशीच खूण निवडलेली आहे.

याच नियमांत काही निषेध आहेत. चढाईपटूचे तोंड दाबून त्याचा उच्चार बंद पाडता येत नाही. हातपाय आणि धड सोडून त्याला अन्यत्र धरता येत नाही. पायांची कात्री घालता येत नाही. हे निषेध एकत्र ठेवून पाहिले, म्हणजे त्यांतील सूत्र सापडते. तोंड दाबून दम घालविला, तर खूण आणि जिची ती खूण आहे ती गोष्ट यांची फारकत होते: श्वास असतो, पण आवाज नसतो. मान धरली, तर खेळ राहत नाही, जिवाशी गाठ पडते. एक निषेध खेळाचा खरेपणा राखतो, तर दुसरा खेळाडूचे शरीर राखतो. प्रसंग नवा आला आणि पुस्तकात उत्तर सापडले नाही, तर पंचाने या दोन हेतूंकडे पाहावे.

आता अशा एका खेळाकडे वळू, की ज्यात कोणी खरोखर लपत नाही आणि कोणी कोणाला हात लावत नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण योद्धा, चोर, मांत्रिक अशी एक भूमिका घेतो. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो, इतर आपण काय करणार ते सांगतात, आणि जेथे शंका असेल तेथे वीस बाजूंचा फासा निर्णय देतो. येथे दम नाही, धप्पा नाही, मध्यरेषा नाही. सर्व काही बोलण्यात आहे. म्हणून लपणे आणि पकडणे यांवर या खेळात नेहमीच वाद होत आले.

या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत लपण्याची रीत अशी होती: लपणाऱ्याने फासा टाकावा, त्यात आपल्या कौशल्याचा अंक मिळवावा, आणि समोरच्याच्या सावधपणाच्या अंकाशी त्याची तुलना करावी. परंतु लपण्याजोगी परिस्थिती आहे की नाही, हे सूत्रधाराने ठरवावयाचे होते. काही खेळाडू समजत, की फाशावर मोठा आकडा पडला म्हणजे भर चौकातही अदृश्य होता येते. हा अर्थ चुकीचा होता. जो समोर स्पष्ट पाहत आहे त्याच्यापासून लपता येत नाही, असे तेथेच लिहिले होते. फासा ‘किती चांगले लपला’ ते सांगतो. ‘लपता येते काय’ हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. २०२४ च्या आवृत्तीत ही पूर्वअट अधिक नेमकी केली: लपणारा दाट अंधारात अथवा पुरेशा आडोशाआड असावा, शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात नसावा, आणि बेरीज किमान पंधरा यावी.

पकडीचेही तसेच झाले. २०१४ च्या नियमाप्रमाणे पकड यशस्वी झाली, की पकडलेल्याची हालचाल थांबे. त्याला जागा सोडता येत नसे. एवढेच. तो तलवार चालवू शके. नव्या खेळाडूला याचे नवल वाटे. पकडला म्हणजे निकामी झाला, असे तो धरून चाले. कबड्डी जाणणाऱ्या मराठी माणसाला मात्र नवल वाटण्याचे कारण नाही. पकड म्हणजे निकाल नव्हे, हे त्याला ठाऊक असते. आखाड्यात जाणाऱ्यालाही हे ठाऊक असते: प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन नुसते दाबून धरल्याने कुस्ती होत नाही, तो चीत व्हावा लागतो. २०२४ साली नियमकर्त्यांनी थोडी भर घातली. पकडलेल्याला पकडणाऱ्याखेरीज इतरांवर वार करणे अवघड केले. लोकांच्या अनुभवाला नियमाने दिलेली ही मान्यता होय.

या सर्वांतून अर्थ लावण्याच्या तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, नियम जेवढे सांगतो तेवढेच त्याच्या शब्दांतून घ्यावे. ‘पकडला’ या शब्दाला व्यवहारात असलेले सगळे अर्थ त्यात कोंबू नयेत. दुसरी, शब्द अपुरे पडले तर हेतू पाहावा. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी यासाठी एक सुंदर उदाहरण दिले आहे. ‘कावळ्यांपासून दही सांभाळ’ असे सांगितले असता कुत्रे आले, तर त्याला दही खाऊ द्यावयाचे काय? राखण दह्याची आहे; कावळा केवळ नमुन्यादाखल आला. पण हेतूचा आधार शब्द मुके असतील तेव्हाच घ्यावा. शब्द स्पष्ट असता हेतूच्या नावाखाली स्वतःची सोय पाहणे हा अन्याय होय. तिसरी गोष्ट, जो अर्थ आज एकाला लावला तोच उद्या दुसऱ्याला लावावा. निर्णय थोडा चुकीचा असला तरी खेळ चालतो. माणूस पाहून बदलणारा निर्णय खेळ मोडतो.

ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण तिची झळ नेहमी दुबळ्याला लागते. गल्लीतल्या खेळात धाकट्याचे ‘दिसलो नाही’ कोणी ऐकत नाही आणि दांडग्याचे ‘दिसलो नाही’ सर्वांना मान्य करावे लागते. टेबलावरही मोठ्या आवाजाचा खेळाडू सूत्रधाराला झुकवू पाहतो. नाव घेण्याचा नियम, दमाचा उच्चार, फाशावरचा आकडा या खुणा बळकटाला आणि दुबळ्याला सारख्याच लागू पडतात. त्या खुणा राखणे हे पंचाचे काम आहे, आणि ज्या खेळात पंच नसतो तेथे ते प्रत्येक खेळाडूचे काम आहे. धाकट्याने एकदा जरी पाहिले, की आपल्या बाजूने लागणारा नियम मोठ्यांनीही पाळला, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळावयास येतो. आणि खेळणारे पुन्हा येत राहिले, तरच खेळ टिकतो.