धारणाधिकार आणि सूचना

पैलू पाडण्यासाठी दिलेला हिरा मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्यास आपल्यापाशी ठेवता येतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील १७० व्या कलमाने त्याला हा हक्क दिला असून मराठीत त्यास ‘धारणाधिकार’ ही संज्ञा आहे. परंतु भिंत बांधणाऱ्या गवंड्याने काय धरून ठेवावे? वीट एकदा भिंतीत बसली की ती घरधन्याची झाली.

अमेरिकेने या प्रश्नास निराळे उत्तर दिले. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभारताना बांधकामास उत्तेजन मिळावे म्हणून मेरिलंड राज्याने १७९१ मध्ये कायदा करून बांधणाऱ्याचे येणे त्या इमारतीवरच चढविले. कॅलिफोर्नियाने १८७९ च्या राज्यघटनेत हा हक्क गोवला. येथे वस्तू ताब्यात असावी लागत नाही. म्हणून ‘धारणाधिकार’ हा शब्द अपुरा पडतो. सातबाऱ्यावरील ‘बोजा’ हा शब्द अधिक जवळचा होय.

खरा पेच पोटकंत्राटदाराचा आहे. त्याचा करार मुख्य कंत्राटदाराशी असतो. मालकास त्याचे नावही ठाऊक नसते. मालकाने दिलेली रक्कम मुख्य कंत्राटदाराने मध्येच गिळली, तर घरावर बोजा चढून मालकास एकाच कामाचे दाम दोनदा मोजावे लागू शकतात. एकाचे श्रम बुडू नयेत आणि दुसऱ्यावर अवचित घाला येऊ नये, यांचा मेळ ‘सूचने’ने घातला आहे.

कॅलिफोर्नियात पोटकंत्राटदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालकास प्राथमिक सूचना द्यावी लागते. विलंब झाल्यास सूचनेपूर्वीच्या २० दिवसांपासून पुढील कामापुरताच हक्क उरतो. मजुरीवर राबणाऱ्या श्रमिकास मात्र या अटीतून सूट आहे. पुढे काम पूर्ण झाल्यावर ९० दिवसांत, अथवा मालकाने पूर्णतेची नोंद केली असल्यास त्या नोंदीपासून ३० दिवसांत, बोजा नोंदवावा लागतो. आणि नोंदणीनंतर सामान्यतः ९० दिवसांत दावा न लावल्यास तो निष्फळ ठरतो. अन्य राज्यांत मुदती भिन्न आहेत.

आपले जे माजी विद्यार्थी त्या देशी घर बांधतील, त्यांनी अशी सूचना हाती पडताच तिला धमकी समजू नये. आपल्या घरासाठी आणखी कोण राबत आहे, हे ती सांगते. रक्कम देताना सूचना देणाऱ्याचे पैसे त्याला पोचल्याची खात्री करून त्याचे हक्कसोडपत्र घ्यावे; त्यात दोघांचेही हित आहे.