रेंज कोणती?

"सर, रेंज नाही," असे मुले म्हणाली की आम्ही विचारतो, कोणती? ताडोब्यात मोहर्ली ही रेंज, म्हणजे वनपरिक्षेत्र. बीट-राऊंडच्या वर, डिव्हिजनच्या खाली. पोलिसांत गडचिरोली रेंज, बाजारात भावाची रेंज. उर्दूतला 'हल्का' सुचवावा, तर मराठी मुले तो वजनाला हलका समजतात!

शेजारच्या खालांची गाय वाघाने मारली. पंचनाम्याशिवाय भरपाई नाही, म्हणून फोन लावला. "तुम्ही आमच्या रेंजमध्ये येत नाही," एवढेच ऐकू आले. नेटवर्क समजून आम्ही टेकडी चढलो, दुपार घालवली. ते हद्दीचे बोलत होते. गाय नाल्यापलीकडे, दुसऱ्या रेंजमध्ये पडली होती. आम्ही परतलो तेव्हा खाला आणि त्यांचा मुलगा कुत्र्यांना हाकलत तिथेच उभे होते.