मोटरीची बैठक

चंदीगढहून काल्क्याकडे आणि तेथून पुढे सिमल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी पिंजौर हे गाव लागते. प्रवाशांना ते ठाऊक असते ते तेथील मोगल उद्यानामुळे. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात हे उद्यान रचले. एकाखाली एक उतरत जाणाऱ्या चौथऱ्यांवरून तेथे पाणी खेळविले होते, तेही केवळ उताराच्या बळावर. याच पिंजौरला १९६३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीचा तिसरा कारखाना उभा राहिला. त्या वेळी गाव पंजाबात होते. १९६६ मध्ये ते नव्या हरियाणा राज्यात गेले. १९७१ पासून येथे ट्रॅक्टरही होऊ लागले. तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. परंतु पिंजौरचे नाव देशभरच्या यंत्रशाळांत पोहोचले ते प्रामुख्याने मिलिंग यंत्रांमुळे.

अशा यंत्रावर बहुधा एकापेक्षा अधिक विद्युत् मोटरी असतात. मुख्य आस फिरविणारी एक, काम धरलेले टेबल सरकविणारी दुसरी, आणि कापणाऱ्या हत्यारावर थंडावा देणारे द्रव सोडणाऱ्या पंपाची तिसरी. तिघींचे अंतरंग सारखेच. पण तिसरी बहुधा टाकीच्या झाकणावर उभी असते आणि तिचा शाफ्ट खाली द्रवात उतरलेला असतो. मोटर फिरते कशी याचे विवेचन पुस्तकांतून भरपूर आढळते. ती बसते कशी, हा प्रश्न मात्र फिटरवर सोपवून दिलेला असतो. वस्तुतः मोटर तयार करणारा आणि यंत्र तयार करणारा हे दोघे एकमेकांस कधी भेटत नाहीत. त्यांच्यातील करार लिहिलेला असतो तो या बैठकीतच.

सर्वांत जुनी व अजूनही सर्वाधिक प्रचारात असलेली बैठक म्हणजे पायांची. मोटरीच्या कवचाखाली दोन आडवे पाय, त्यांत चार भोके, चार बोल्ट. येथे महत्त्वाचे माप एकच: पायांच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या पद्धतीत मोटरीच्या चौकटीला नाव मिळते तेच मुळी या उंचीवरून. ‘१३२’ ची चौकट म्हणजे जिच्या शाफ्टचा मध्य तळापासून १३२ मिलिमीटर उंच आहे ती. उंची ठरली की पायांच्या भोकांची अंतरेही ठरतात. या चौकटीत आडवे अंतर २१६ मिलिमीटर, आणि मध्यम लांबीच्या मोटरीत उभे अंतर १७८. साडेसात किलोवॉटची चार ध्रुवांची मोटर सामान्यतः याच चौकटीत बसते व तिचा शाफ्ट ३८ मिलिमीटर जाडीचा असतो. मोटर कोणत्याही कंपनीची असो, ही मापे बदलत नाहीत.

या उंचींची माळ पाहण्यासारखी आहे: ५६, ६३, ७१, ८०, ९०, १००, ११२, १३२, १६०, १८०, २००. प्रत्येक संख्या मागच्या संख्येपेक्षा सुमारे ११ ते २१ टक्क्यांनी मोठी आहे. संख्यांची अशी गुणोत्तराने वाढणारी माळ वापरण्याची कल्पना फ्रेंच सैन्यातील अधिकारी शार्ल रनार याची. एकोणिसाव्या शतकात फुग्यांच्या दोरखंडांच्या शेकडो जाडींमधून मोजक्याच निवडण्यासाठी त्याने ती योजली होती. माळेतील १३२ ही संख्या मात्र थोडी परकी वाटते. रनारच्या नेहमीच्या माळेत तेथे १२५ किंवा १४० यावयास हवे होते. अमेरिकी इंचातील मोटरींमध्ये सव्वापाच इंच, म्हणजे १३३.३५ मिलिमीटर उंचीची एक चौकट रूढ आहे हे लक्षात घेतले, की ह्या परकेपणाचे आश्चर्य कमी होते.

प्रमाणित उंचीला दिलेली सूट ही खरी चातुर्याची गोष्ट होय. अडीचशे मिलिमीटरपर्यंतच्या मोटरीत उंची अर्ध्या मिलिमीटरने कमी असलेली चालते. जास्त असलेली चालत नाही, केसभरही नाही. याचे कारण मोटर बसविणाऱ्याच्या हाती आहे. मोटर बुटकी असेल तर पायांखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारता येतात. कारखान्यात त्यांना ‘शिम’ म्हणतात. मोटर उंच झाली तर मात्र पाया तासण्यावाचून किंवा समोरचा पंप उचलण्यावाचून गत्यंतर नसते.

पायांच्या बैठकीत दोन शाफ्ट एका रेषेत आणण्याचे काम जागेवर करावे लागते. डायल गेज लावून, शिम घालून, बोल्ट सैल करून व पुन्हा आवळून फिटर ते करतो, आणि त्याच्या हाताची परीक्षा पुढे बेअरिंग किती दिवस टिकते यावर होते. चार पायांपैकी एक जरी अधांतरी राहिला आणि त्यावर बोल्ट आवळला, तरी कवच पिळवटते व मोटर थरथरू लागते. म्हणून पायांचे तळ आणि पायाभूत चौकट एका पातळीत कापलेली असावी लागते. असे सपाट पृष्ठभाग कापणे हेच तर मिलिंग यंत्राचे काम.

दुसरी बैठक फ्लँजची. येथे पाय नसतात. शाफ्टच्या बाजूच्या झाकणालाच रुंद गोल कडा असते आणि तिच्या मध्यभागी अचूक कातलेला गोल उंचवटा. हा उंचवटा समोरच्या यंत्रातील तितक्याच अचूक खळग्यात बसतो. ‘१३२’ च्या मोटरीत त्याचा व्यास २३० मिलिमीटर आणि बोल्टांच्या वर्तुळाचा २६५. शाफ्टचा मध्य व उंचवट्याचा मध्य यांच्यातील दोष डायल गेजवर ०.१ मिलिमीटरहून अधिक दिसू नये, असा नेहमीच्या मोटरीसाठी दंडक आहे. अधिक अचूक वर्गात तो निम्म्यावर येतो. येथे फिटरला शिम घालावे लागत नाहीत. एकरेषतेचे काम लेथवर, मोटर कारखान्यातून निघण्यापूर्वीच झालेले असते. मिलिंग यंत्रासारख्या आटोपशीर यंत्रांना फ्लँज प्रिय असते ती यामुळेच. तिचा तोटाही उघड आहे. आडवी बसविलेली जड मोटर एकाच टोकाला धरलेल्या तुळईसारखी लोंबते. अशा वेळी फ्लँजबरोबर पायही देतात. पट्ट्याने कप्पी फिरवावयाची असेल तर पाय व सरकत्या रुळांची जोडी उत्तम. पट्टा सैल झाला की मोटर मागे ओढता येते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा भेद वेगळ्या नावाने परिचित आहे. विहिरीवर एका लोखंडी चौकटीवर शेजारी शेजारी बसविलेले मोटर व पंप ही पायांची बैठक. दोहोंचा एकच देह झालेला ‘मोनोब्लॉक’ हा फ्लँजच्या विचाराचा शेवटचा टप्पा.

या सर्व प्रकारांना आयोगाने संक्षिप्त खुणा दिल्या आहेत, आणि त्या मोटरीच्या नामपट्टीवर आढळतात. ‘बी’ म्हणजे शाफ्ट आडवा, ‘व्ही’ म्हणजे उभा. बी ३ ही पायांवर उभी असलेली साधी मोटर, बी ५ फ्लँजची, बी ३५ पाय व फ्लँज दोन्हींची. बी १४ मध्ये फ्लँज लहान असते व बोल्ट समोरच्या बाजूने तिच्या आटे पाडलेल्या भोकांत शिरतात. पाय भिंतीला असतील तर बी ६ किंवा बी ७, छताला असतील तर बी ८. फ्लँजच्या मोटरीचा शाफ्ट खाली असेल तर व्ही १, वर असेल तर व्ही ३. याच गोष्टी सांगणारी चार अंकी खूणही आहे. तीत बी ३ ला १००१ व व्ही १ ला ३०११ म्हणतात. भारतीय मानक संस्थेने पायांच्या मोटरींसाठी १२३१, फ्लँजच्या मोटरींसाठी २२२३ आणि बैठकींच्या खुणांसाठी २२५३ या क्रमांकांची मानके काढली. ही संस्था १९८७ पासून भारतीय मानक ब्युरो या नावाने काम करते.

खुणा म्हणजे केवळ कारकुनी असा समज होण्याचा संभव आहे. पण बी ५ ची मोटर उभी करून व्ही १ म्हणून वापरली, की तीच मोटर तीच राहत नाही. फिरत्या भागाचे सारे वजन आता शाफ्टच्या दिशेने एका बेअरिंगवर येते, आणि पंपाची ओढ त्यात मिळाली तर साधे बेअरिंग अपुरे पडते. आत साचणारे दव वाहून जावे म्हणून ठेवलेले छिद्र सर्वांत खालच्या जागी असावे लागते. मोटर वळविली की ती जागा बदलते. शाफ्ट खाली असेल तर पंख्याचे जाळीदार झाकण आभाळाकडे तोंड करते आणि उघड्यावर त्यावर छत्री द्यावी लागते. शाफ्ट वर असेल तर यंत्रातील तेल शाफ्टवरून ओघळत थेट बेअरिंगमध्ये उतरते. पाऊसपाण्यात जळालेल्या मोटरीचे खापर बहुतेक वेळा गुंडाळीवर फुटते. बैठकीची चौकशी कोणी करीत नाही.

प्रमाणित मापांचे मोल कळते ते जुने यंत्र चालू ठेवताना. यंत्र तीस-चाळीस वर्षे काम देते. मोटर त्याआधी जळू शकते. मूळ मोटर मेट्रिक असेल तर नामपट्टीवरची चौकट व बैठक वाचून, वेग व शक्ती ताडून दुसऱ्या कंपनीची मोटर आणावी. चारही बोल्ट जागेवर बसतात. मूळ मोटर अमेरिकी असेल तर थोडी कसरत पडते. त्या पद्धतीतील १८४टी क्रमांकाच्या चौकटीची उंची साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. तिच्या जागी ११२ ची मेट्रिक मोटर ठेवली, तर पायांची भोके जवळजवळ तंतोतंत जुळतात: १९०.५ ऐवजी १९० आणि १३९.७ ऐवजी १४०. उंचीत २.३ मिलिमीटर कमी पडतात, ते शिम भरून काढतात. शाफ्ट मात्र २८ मिलिमीटरचा, आणि जुन्या कपलिंगचे भोक सव्वा अष्टमांश कमी दीड इंचाचे नव्हे तर एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचे, म्हणजे २८.५८ मिलिमीटरचे. अर्ध्या मिलिमीटरची ही सैल जागा किल्ली ठोकून भरण्याचा मोह आवरावा आणि मोटरीकडील अर्धे कपलिंग नवे करून घ्यावे.