डफ का शेकतात?

दिवाळी सरली की पूर्व विदर्भात गावोगाव मंडई भरते. नागपूर जिल्ह्यातील कुही तालुका हा वैनगंगेकाठचा, धानाच्या बांध्यांचा मुलूख. मंडईच्या दिवशी तेथे दुपारी बाजार असतो आणि रात्री दंडार, नाटक किंवा खडी गंमत. खडी गंमत म्हणजे उभ्याने सादर होणारे लोकनाट्य. शाहीर, नाच्या, सोंगाड्या आणि मागे उभे असलेले साथीदार मिळून ते रात्रभर रंगवतात. वाद्येही मोजकीच असतात: ढोलकी, डफ, तुणतुणे, चोणके आणि टाळ. अलीकडे पेटीचीही साथ असते.

कार्यक्रमाला उभे राहण्यापूर्वी डफवाला शेकोटीजवळ जातो. डफ आगीवर दुरून फिरवतो, बोटाने ठोकून पाहतो, पुन्हा फिरवतो. मध्यरात्री, एखादे कवन संपले की, पुन्हा तेच करतो. मुलांनी हे अनेकदा पाहिलेले असते. पण 'असे का करतात?' हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. या लेखात आपण तो विचारणार आहोत. त्याच्या उत्तरातून या सगळ्या वाद्यांना जोडणारी एकच गोष्ट हाती लागते. ती म्हणजे ताण.

ताण आणि स्वर

ताणलेली तार छेडली की ती ठरावीक वेगाने मागेपुढे होते. एका सेकंदात होणाऱ्या अशा फेऱ्यांच्या संख्येला आपण वारंवारता म्हणतो. वारंवारता वाढली की स्वर चढतो. तारेची वारंवारता तीन गोष्टींवर ठरते: लांबी, एकक लांबीचे वस्तुमान आणि ताण. तार लांब किंवा जाड असेल तर स्वर उतरतो, आणि ताण वाढवला तर चढतो.

मात्र ताण दुप्पट केल्याने वारंवारता दुप्पट होत नाही. ती ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मध्य षड्जावरून तार षड्जावर जायचे असेल तर ताण चौपट करावा लागतो. उलट, ताण १०० वरून ८१ वर आला तर वारंवारता १०० वरून ९० वर येते. ही घट कानाला चांगलीच जाणवते, कारण 'सा' जवळजवळ खालच्या कोमल 'नी'वर जाऊन बसतो.

डफाच्या कातड्यालाही हाच नियम लागू पडतो. तारेच्या लांबीच्या जागी येथे कड्याची त्रिज्या येते, आणि एकक लांबीऐवजी एकक क्षेत्रफळाचे वस्तुमान धरावे लागते.

ओलीमुळे काय होते?

कातडे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. हे तंतू हवेतील बाष्प शोषून घेतात. मंडईच्या दिवसांत रात्री गारठा पडतो, दव उतरते, हवेची सापेक्ष आर्द्रता वाढते. नदी आणि धानाची शेते जवळ असतील तर ती आणखीच वाढते. ओल शोषलेल्या कातड्यात दोन बदल होतात. ते सैलावते, म्हणजे ताण घटतो. आणि त्यात पाणी मुरल्याने त्याचे वस्तुमान वाढते. दोन्ही बदल स्वर खालीच ओढतात. डफ 'बसतो' असे आपण म्हणतो ते यामुळे.

शेकोटीची उष्णता हे पाणी बाहेर काढते. कातडे आकसते, हलके होते आणि डफ पुन्हा बोलू लागतो. पण ज्वाळेच्या फार जवळ धरला तर तंतू कायमचे आकसतात आणि कातडे करपते किंवा फाटते. म्हणून वादक डफ दुरून फिरवतो आणि मधूनमधून ठोकून पाहतो. तापमापी नसली तरी मोजमाप चालूच असते, ते कानाने.

मग ढोलकी अशी का शेकत नाहीत? ढोलकीची पुडी दोरीने ओढलेली असते आणि दोरीत कड्या असतात. कडी सरकवली की ताण वाढतो. डफाचे कातडे कड्यावर पक्के बसवलेले असते. त्याला ना खुंटी ना कडी. ताण बदलण्याचा त्याच्याजवळचा मार्ग म्हणजे आग.

तुणतुण्याची अडचण आणखी वेगळी. त्याची पोलादी तार थंडीत आखडते, त्यामुळे स्वर चढायला हवा. पण तारेचे खालचे टोक नळकांड्याच्या तळाच्या कातड्याला अडकवलेले असते आणि ते कातडे ओलीने सैलावते, त्यामुळे स्वर उतरायला हवा. यांतील कोणाचा जोर अधिक, हे त्या रात्रीच्या हवेवर ठरते. म्हणून तुणतुणेवाला खुंटी कधी पिळतो तर कधी सोडतो. पेटीच्या पितळी स्वरपट्ट्यांवर दवाचा असा परिणाम होत नाही, म्हणून बाकीच्यांना आपली वाद्ये तिच्याशी जुळवून घ्यावी लागतात.

हातातला ताण

चोणक्यात तर ताण थेट वादकाच्या मुठीत असतो. एका बाजूला कातडे लावलेले पोकळ भांडे, कातड्यातून निघालेली तात आणि तातेचे दुसरे टोक हातात. यल्लम्माच्या भक्तांचे चौंडके हे याच कुळातले. वादक तात छेडताना ती ओढतो आणि सैल सोडतो, त्याबरोबर स्वर वरखाली पळतो. तातेची लांबी फारशी बदलत नाही. बदलतो तो ताण.

येथे बारावीच्या प्रयोगशाळेतील एक जुना ओळखीचा प्रयोग आठवावा. मेल्डे या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगात नादकाट्याला दोरा बांधून त्यात स्थिर तरंग निर्माण करतात. नादकाट्याची भुजा दोऱ्याच्या दिशेनेच हलत असेल, तर दोऱ्याची वारंवारता नादकाट्याच्या निम्मी असते. चोणक्यात हाच प्रयोग उलट्या दिशेने घडतो. तात एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वाकते, आणि दोन्ही वेळा ती किंचित लांबते. म्हणजे एका फेरीत ताण दोनदा वाढतो आणि कातडे दोनदा ओढले जाते. तात कातड्याला अगदी लंब असेल, तर कातड्याला मिळणाऱ्या झटक्यांची वारंवारता तातेच्या दुप्पट असते. ती तिरपी धरली की मूळ वारंवारताही त्यात मिसळते.

शाईचे रहस्य

डफाचा आवाज मोठा असतो, पण त्यातून नेमका 'सा' काढणे कठीण. याचे कारण कातड्याच्या कंपनांत आहे. तारेच्या मूळ स्वराबरोबर निघणारे उपस्वर २, ३, ४ पट अशा पूर्णांकी प्रमाणात असतात, म्हणून कानाला ते एकच स्वर वाटतात. सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल कातड्याचे उपस्वर मात्र १.५९, २.१४, २.३०, २.६५ पट असे वेडेवाकडे पडतात. कानाला एक स्वर सापडत नाही, ठोका ऐकू येतो.

ढोलकीच्या उजव्या पुडीवर मधोमध काळी शाई असते. ती शोभेसाठी नाही. मधला भाग जड झाल्याने कंपनांच्या वारंवारता बदलतात आणि पूर्णांकी प्रमाणांच्या जवळ येतात. ही गोष्ट शास्त्रीय भाषेत प्रथम मांडली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. १९१० च्या सुमारास ते सरकारी अर्थखात्यातील अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. पुढे कलकत्त्याला असताना, १९२० मध्ये, शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले. १९३४ च्या सविस्तर निबंधात त्यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्या दाखवल्या. शाई लावलेल्या पुडीच्या नऊ मूळ कंपनप्रकारांचे पाच सुसंवादी स्वरांत गट पडतात, असे त्यांनी सिद्ध केले. शाईचे थर चढवणाऱ्या कारागिरांनी हा प्रश्न त्यापूर्वीच कानाने सोडवला होता. रामन यांनी त्या उत्तराचे कारण सांगितले.

खंजिरीला शाई नसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हेच वाद्य हाती धरून विदर्भातील खेडी जागवली. सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या मांडून वाजवतात. प्रत्येकीचा ताण किंवा आकार वेगळा ठेवला की नाद वेगळे मिळतात.

दूर देशातला भाऊबंद

असाच उद्योग आयर्लंडमध्येही चालतो. तेथील पारंपरिक संगीताच्या सायंकाळी बोरान नावाचा डफ असतो. लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे बसवलेला हा डफ काठीने वाजवतात आणि दुसरा हात कातड्याच्या आतल्या बाजूने दाबून ताण कमीजास्त करतात. चोणकेवाल्याचा हात येथे डफाच्या आत गेला आहे इतकेच. हवा दमट असेल तर बोरानही बसतो. उलट, रंगमंचावरच्या दिव्यांनी कातडे फार सुकले तर वादक त्यावर पाण्याचा हात फिरवतात. शॉन ओ रीडा या संगीतकाराने १९६० च्या दशकात बोरानला मैफलीत मानाची जागा दिली. त्याच मैफलीत इलिन पाइप हे बगलेतील भात्यावर चालणारे वाद्य असते. त्याच्या तीन नळ्या एकच स्वर तीन सप्तकांत सतत धरून ठेवतात. आपल्याकडे तुणतुणे हेच काम करते, गाणाऱ्याला आधाराचा स्वर देते.

गारठा आवाज दूर नेतो

डफाला बसवणारी रात्रीची थंडी एका बाबतीत शाहिराच्या मदतीलाही येते. हवेत ध्वनीचा वेग ० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असते, म्हणून तेथे आवाज वेगाने जातो आणि त्याची वाट वरच्या दिशेला वळते. निरभ्र रात्री जमीन आधी थंड होते. खालची हवा गार, वरची त्या मानाने उबदार, म्हणून आवाजाची वाट खाली वळते. दुपारी न ऐकू येणारी ढोलकी रात्री शेजारच्या गावात ऐकू येते याचे हे एक मोठे कारण.

वर्गात करून पाहण्यासारखे

पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या तळाला मधोमध भोक पाडा. त्यातून मासे पकडण्याच्या गळाची नायलॉन दोरी ओवून आतून काडी बांधा. डबा दोन बाकांच्या मधोमध असा ठेवा की दोरी खाली लोंबेल. दोरीला प्रथम पाण्याने भरलेली एक लिटरची एक बाटली टांगा, दोरी छेडा आणि मुलांना तो स्वर गुणगुणायला सांगा. मग तशाच चार बाटल्या टांगा. डब्यापासून बाटल्यांपर्यंतची लांबी तेवढीच ठेवा. स्वर जवळपास एक सप्तक चढलेला आढळेल. नायलॉन ताणाने किंचित बारीक होते, म्हणून तो थोडा अधिकच चढेल. असे का, हे मुलांना शोधू द्या.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. कातड्याची एखादी जुनी खंजिरी ओल्या फडक्याने पुसा, दहा मिनिटांनी वाजवा, मग उन्हात ठेवून दर पाच मिनिटांनी वाजवा. नंतर प्लॅस्टिकच्या पडद्याची खंजिरी घेऊन हेच करा. प्लॅस्टिक पाणी शोषत नाही, त्यामुळे तिला शेकोटी लागत नाही.

प्लॅस्टिक आले की शेकण्याचे ज्ञानही हातातून जाते. आणि जाण्याची वाट एवढी एकच नाही. १९८८ मध्ये भूमिपूजन झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाच्या जलाशयासाठी कुही तालुक्यातील अनेक गावे उठली. गाव उठते तेव्हा घरे, शेते, झाडे मोजली जातात. पण डफ किती वेळ शेकायचा, शाईचा थर किती जाड द्यायचा, हे कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. शेजारी उभा राहणारा ढोलकीवाला दुसऱ्या वसाहतीत गेला की फडही मोडतो.

म्हणून आमची शिक्षकांना एक सूचना आहे. पुढच्या मंडईपूर्वी गावातील डफवाल्याला किंवा ढोलकीवाल्याला एक तास शाळेत बोलवा. मुलांनी त्यांना विचारावे: डफ कोणत्या जळणावर शेकता? पुरेसा शेकला हे कशावरून ओळखता? एकदा शेकलेला डफ किती वेळ टिकतो? पावसाळ्यात काय करता? उत्तरे वहीत लिहून घ्या आणि ती वही शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवा. मग फळ्यावर ताणाचे सूत्र लिहा. त्यातील एकेक अक्षर कोणाच्या हातात होते, हे मुलेच तुम्हाला सांगतील.