रुग्णालयाचे मोबाइल अ‍ॅप : नेटिव्ह की वेब?

रुग्णालयाचे स्वतःचे मोबाइल अ‍ॅप का नाही, अशी विचारणा अहवाल वर्षात अनेक देणगीदारांनी व रुग्णांच्या नातेवाइकांनी केली. त्याविषयीची आमची भूमिका येथे मांडणे उचित वाटते.

मोबाइलवरील सेवा मुख्यतः दोन प्रकारे देता येते. नेटिव्ह अ‍ॅप विशिष्ट फोनप्रणालीसाठी लिहिले जाते. अँड्रॉइडसाठी कोटलिन वा जावा भाषेत, तर आयफोनसाठी प्रामुख्याने स्विफ्टमध्ये. म्हणजे एका सेवेसाठी दोन आज्ञावली आणि पुढील प्रत्येक बदलही दोनदा. फ्लटरसारख्या साधनांमुळे हे श्रम कमी होतात; तथापि दोन्ही फोनांवरील चाचणी टळत नाही. वेब अ‍ॅप मात्र ब्राउझरमध्ये चालते. एकदाच लिहिलेले ते दोन्ही फोनांवर व संगणकावरही उघडते आणि सर्व्हरवर केलेली दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचते.

गुणवत्तेत नेटिव्ह अ‍ॅप आजही सरस आहे. फेसबुकनेही आयफोनवरील आपले अ‍ॅप वेगासाठी २०१२ मध्ये नेटिव्ह पद्धतीने नव्याने लिहिले. दरम्यान वेबनेही हे अंतर बरेच कमी केले आहे. होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब अ‍ॅपला आयफोनवर सूचना पाठविण्याची सोय मार्च २०२३ पासून झाली.

आमच्या रुग्णांची गरज मर्यादित आहे: डॉक्टरांची वेळ घेणे, तपासणीचा अहवाल पाहणे व बिल भरणे. वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या कुटुंबास, तेही जागा भरलेल्या जुन्या फोनवर, त्यासाठी अ‍ॅप उतरवून घ्यावयास लावणे योग्य नव्हे. एसएमएसमधील दुव्यावर बोट ठेवताच काम व्हावे, ही आमची अपेक्षा आहे.

हिशेबाची बाजूही महत्त्वाची आहे. अ‍ॅपल विकसकांकडून दरवर्षी ९९ डॉलर घेते, गुगल एकदाच २५ डॉलर. ही रक्कम किरकोळ आहे. खरा भार देखभालीचा. फोनप्रणालीची नवी आवृत्ती आली की अ‍ॅप पुन्हा तपासावे लागते. देणगी एकदा मिळते, हा खर्च मात्र आवर्ती असतो, आणि तो अखेर निर्धन रुग्णांच्या औषधोपचारांच्या वाट्यातूनच जातो.

म्हणून तूर्त वेब अ‍ॅपचा मार्ग आम्ही स्वीकारला आहे. घरी असलेल्या रुग्णाची ब्लूटूथ उपकरणांवरील मोजणी थेट आमच्याकडे यावी, अशी सेवा सुरू करावयाची झाल्यास नेटिव्ह अ‍ॅपचा विचार अवश्य करू. कारण आयफोनच्या सफारी ब्राउझरमधून ते साधत नाही. आपल्या सूचनांचे स्वागत आहे.